करंजाच्या बीपासून पंपाच्या इंजिनापर्यंत: कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी

मार्च-एप्रिलात नदीकाठानं किंवा एखाद्या जुन्या पाणंदीनं चालत गेलात, तर पायाखाली चपट्या तपकिरी शेंगा कडाकडा वाजतात. त्या करंजाच्या. बहुतेक ठिकाणी त्या तशाच कुजतात, नाहीतर पाचोळ्याबरोबर पेटवल्या जातात. शंभर किलो करंजाच्या बीत तीसेक किलो तेल असतं. ते कडू आहे, खाण्याचं नाही. आपल्या आज्यांच्या काळात दिव्याला आणि खरजेला वापरलं जायचं, एवढीच त्याची ओळख उरली आहे.

शेतकरी, आयटीआयची पोरं, वर्कशॉपवाले, सगळे मला एकच विचारतात: तेलबियांपासून, शेवाळापासून डिझेल होतं म्हणतात, ते आपल्याला जमेल का? त्यातलं काही जमतं, काही अजिबात जमत नाही. कुठली पायरी घरची आणि कुठली कारखान्याची, हे आधीच कळलं तर पैसा आणि डोळे दोन्ही वाचतात. डोळ्यांचं का म्हणतोय ते पुढे येईलच.

दोन वेगळी इंधनं

बायोडिझेल आणि नवीकरणीय डिझेल ही एकाच वस्तूची दोन नावं नाहीत. वनस्पती तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला लटकलेल्या तीन लांब साखळ्या. मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा वापरून त्या साखळ्या कण्यापासून सोडवल्या आणि प्रत्येकीला मिथेनॉलचा तुकडा जोडला, की बायोडिझेल होतं. हे साठ अंश तापमानाला, साध्या दाबाला, एका टाकीत घडतं. लहान प्रमाणावर करता येण्यासारखं आहे.

नवीकरणीय डिझेलची रीत वेगळी. तिथे त्याच तेलावर ३०० ते ४०० अंश तापमानाला आणि हवेच्या दाबाच्या कित्येक पट दाबाखाली हायड्रोजन सोडतात. निकेल-मॉलिब्डेनमसारखं उत्प्रेरक, म्हणजे प्रक्रियेला वेग देणारं द्रव्य, लागतं. तेलातला ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, ग्लिसरीनच्या कण्याचा प्रोपेन वायू होतो आणि मागे उरतं ते खनिज डिझेलसारखंच हायड्रोकार्बन. शंभर किलो तेलातून साधारण ऐंशी ते पंच्याऐंशी किलो डिझेल मिळतं. ते थंडीत सहसा गोठत नाही, महिनोन् महिने टिकतं आणि कितीही प्रमाणात मिसळता येतं. नेस्टे या फिनलंडच्या कंपनीनं २००७ मध्ये पोर्वो इथे असा कारखाना सुरू केला, पुढे २०१० मध्ये सिंगापूरला आणि २०११ मध्ये रॉटरडॅमला. आपल्याकडे देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं याच घराण्यातल्या प्रक्रियेनं मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) तेलापासून विमानाचं इंधन केलं, आणि २७ ऑगस्ट २०१८ रोजी देहरादून ते दिल्ली असं विमान त्याच्या मिश्रणावर उडालं.

ही दुसरी रीत घरी, शेडमध्ये किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये कधीही करून पाहू नका. हायड्रोजन, उष्णता आणि दाब हे तिन्ही एकत्र आले की चुकीला माफी नसते. नवीकरणीय डिझेलमध्ये आपला वाटा असू शकतो तो स्वच्छ, कमी आम्लतेचं तेल पुरवण्याचा. बाकी हा लेख मुख्यतः बायोडिझेलचा आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. ही हकिगत ऐकून काही जण गाळलेलं तेल थेट टाकीत ओततात. इंजिन चालतं, पण थोडे दिवस. तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. फवारा नीट फुटत नाही, नोझलवर कार्बन बसतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. दुरुस्तीचं बिल वाचवलेल्या डिझेलपेक्षा मोठं येतं.

पायरी पहिली: तेल निवडा

सोयाबीन आणि भुईमूग आपल्या जिल्ह्यात होतात, पण त्यांचं तेल इंधनासाठी घेऊ नका. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेतलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. ताटातलं तेल इंजिनात घालणं मला पटत नाही, आणि भावाच्या हिशेबातही ते बसत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाचा भरही अखाद्य तेलबिया आणि वापरलेल्या तेलावरच आहे. त्या धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य ठेवलं आहे.

मग उरतात तीन पर्याय.

करंज. ओढ्याकाठी, बांधावर, गायरानात आधीपासून उभा आहे. शेंगवर्गीय असल्यानं जमिनीला नत्र देतो. झाडागणिक उत्पन्नात फार फरक पडतो, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबू नका. आपल्या चार झाडांखालचं बी एक हंगाम मोजा. झाडं रस्त्याकडेची किंवा गावची असतील तर ग्रामपंचायतीला विचारूनच शेंगा गोळा करा.

उंडी. घाट उतरून कोकणात गेलं की समुद्राकाठी भेटते. गरात निम्म्याहून जास्त तेल, पण त्या तेलाची आम्लता फार. नवख्यानं उंडीपासून सुरुवात करू नये.

तळणीचं वापरलेलं तेल. वडा, भजी, फरसाण यांच्या कढया कोल्हापुरात रोज किती पेटतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. १ जुलै २०१८ पासून नियम असा आहे, की तेलातले ध्रुवीय घटक (पुन्हा पुन्हा तापवल्यानं तेल बिघडून होणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल तळणीला वापरायचं नाही. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकानं वापराची नोंद ठेवून जुनं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं असतं. त्यामुळे मोठ्या प्रमाणात गोळा करायचं तर नोंदणी करा. शिकण्यासाठी मात्र ओळखीच्या वडेवाल्याकडून दोन लिटर पुरतात. असं तेल हातगाडीवर पुन्हा कढईत जाण्यापेक्षा इंजिनात गेलं, तर खाणाऱ्याच्या पोटाचंही भलं होतं.

मोगली एरंडाचं काय, असं विचाराल. २००३ मध्ये नियोजन आयोगानं त्याची मोठी योजना मांडली. पडीक जमिनीवर, बिनपाण्याचं, बिनखताचं पीक असं सांगितलं गेलं. झाड जगतं, हे खरं. पण पाणी आणि खत नसलं की बी धरत नाही, आणि ठिकठिकाणी शेतकऱ्यांच्या हाती काटक्या उरल्या. म्हणून नवी लागवड करायला सांगणाऱ्याकडे आधी त्यानं मोजलेलं उत्पन्न मागा. करंजही लावल्यापासून पाच-सात वर्षांनी नीट धरतो. पहिली काही वर्षं उभ्या झाडांवरच काम करा.

पायरी दुसरी: बी वाळवा, तेल काढा

शेंगा पिकून तपकिरी झाल्या की गोळा करा, वळवाच्या पावसाआधी. खळ्यावर चार-पाच दिवस ऊन द्या, काठीनं बडवा, सुपानं पाखडा. बी दाताखाली धरल्यावर लवचीक न वाटता कटकन तुटलं पाहिजे. भरून ठेवायचं ते गोणपाटात, जमिनीपासून उंच, फळीवर. प्लॅस्टिकच्या पोत्यात बी घामेजतं.

एक्सपेलरवर (बी दाबून तेल काढणाऱ्या यंत्रावर) साधारण चार किलो बीला एक लिटर तेल पडतं. दोन वेळा घातलं तर थोडं जास्त. खाद्यतेलाच्या घाण्यावर करंज गाळायला लावू नका. त्याचा कडूपणा आणि विषारी अंश मागे राहतो, आणि पुढच्या माणसाच्या शेंगदाणा तेलात उतरतो. त्यासाठी अखाद्य तेलाचा वेगळा घाणाच शोधा.

पेंड टाकून देऊ नका, आणि जनावरांपुढेही ठेवू नका. ती उसाला घाला. तिच्यात नत्र जवळपास चार टक्के असतं, आणि तिच्यातल्या कडू द्रव्यांमुळे जमिनीतलं नत्र हळूहळू सुटतं. आडसाली लागणीत करंज पेंड घालणारे शेतकरी आपल्याकडे आहेतच. या सगळ्या उद्योगाचा हिशेब पेंडीशिवाय बसत नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तेल आणलं की दोन-तीन दिवस स्थिर ठेवा, गाळ खाली बसू द्या, कापडातून गाळा. मग ११० अंशांपर्यंत तापवून पाणी उडवा. तडतड पूर्ण थांबली की झालं. तेलात पाणी राहिलं तर पुढची सगळी मेहनत साबणात जाते.

पायरी तिसरी: आम्लता मोजा

ही पायरी मी सगळ्यात लांब लिहिणार आहे, कारण नवख्यांच्या नव्वद टक्के चुका इथे होतात. माझीही झाली. पहिल्या मोठ्या खेपेला मी वीस लिटर करंज तेल घेतलं. घाणेवाले मामा म्हणाले, "सकाळीच काढलंय, ताजं हाय." मी न मोजता कॉस्टिक टाकलं. तासाभरानं टाकीत तपकिरी लगदा तयार झाला होता, हातात धरला तर साबणासारखा निसटणारा. तेल खरोखर ताजं होतं. बी मात्र आदल्या पावसाळ्यात ओल्या कोपऱ्यात पडून राहिलेलं होतं. ओल लागली की बीमधलं तेल तिथल्या तिथे फुटतं आणि मोकळी स्निग्धाम्लं तयार होतात. कॉस्टिक आधी या आम्लांवर जातं आणि साबण करतं. तेलाची आम्लता घाण्यावर ठरत नाही, खळ्यावर ठरते. हे मला वीस लिटर घालवून कळलं.

मोजायची रीत अशी. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बरोबर १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. हे झालं मोजणीचं पाणी. दुसऱ्या भांड्यात १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, त्यात १ मिली तेल घाला, गरम पाण्यात भांडं धरून हलवा, स्वच्छ मिसळू द्या. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे (रंग बदलून आम्लता संपल्याचं दाखवणाऱ्या रसायनाचे) दोन थेंब टाका. आता सिरिंजनं मोजणीचं पाणी थेंब थेंब सोडा आणि हलवत राहा. गुलाबी रंग येऊन अर्धा मिनिट टिकला की थांबा. किती मिली लागलं ते लिहा. तीनदा मोजा, सरासरी घ्या. फिनॉल्फ्थॅलीन नसेल तर अल्कोहोलमध्ये भिजवून गाळलेली सांगलीची हळद चालते. ती पिवळ्याची लालसर होते. करंजाचं तेल फार काळपट असेल तर रंग ओळखणं अवघड जातं, तेव्हा पीएच पट्टी वापरा आणि साडेआठला थांबा.

आता अर्थ. जितके मिली लागले तितके ग्रॅम कॉस्टिक प्रत्येक लिटर तेलाला जास्त लागणार. मूळ प्रमाण लिटरला साडेतीन ग्रॅम. म्हणजे वडेवाल्याच्या तेलाला २ मिली लागले, तर लिटरमागे साडेपाच ग्रॅम. तीन मिलीपर्यंत निर्धास्त पुढे जा. तीन ते पाचमध्ये साबण वाढेल, हाती कमी लागेल. पाचच्या वर असेल तर थेट कॉस्टिक टाकू नका, आधी आम्लाची पायरी करा. करंजाला ती बऱ्याचदा लागतेच.

आम्लाची पायरी म्हणजे मोकळ्या आम्लांचंच आधी इंधन करून घेणं. लिटरमागे २०० ते २५० मिली मिथेनॉल, त्यात ५ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. आम्ल मिथेनॉलमध्ये घालायचं, अगदी सावकाश, उलट कधीच नाही. हे मिश्रण ५५ ते ६० अंशांच्या तेलात घालून एक-दोन तास ढवळा आणि रात्रभर ठेवा. वर तरंगतो तो मिथेनॉल, पाणी आणि आम्लाचा थर. तो काढून घ्या. खाली तेल राहतं. त्याची आम्लता पुन्हा मोजा. तीनच्या आत आली तर पुढे चला, नाही आली तर हीच पायरी परत.

पायरी चौथी: मिथेनॉलशी ओळख

मिथेनॉल विष आहे. विषारी दारूच्या बातम्यांत माणसं आंधळी होतात, मरतात, ती बहुतेक वेळा यानंच. श्वासातून आणि कातडीतूनही ते शरीरात जातं. अकरा-बारा अंशांनाही त्याची वाफ पेट घेते, आणि भर दुपारी त्याची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. १९१९ च्या विष अधिनियमाखाली ते नियंत्रित आहे. विकत घ्यायला, साठवायला परवाना लागतो. ओळखीच्या दुकानदाराकडून कॅन आणून घरात ठेवायचं, हा मार्ग नाही.

म्हणून माझा आग्रह आहे, की पहिला एक लिटर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत करा. आपल्या शहरात शिवाजी विद्यापीठ आहे, विज्ञानाची आणि अभियांत्रिकीची कितीतरी कॉलेजं आहेत. आपणहून करंज तेल घेऊन गेलेल्या माणसाला सहसा सर परत पाठवत नाहीत. विद्यार्थ्यांनाही प्रकल्पाला विषय मिळतो. तिथे कंडेन्सर असतो, धुराडं असतं, डोळे धुवायचा नळ असतो.

रबरी हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. कॉस्टिक अंगावर उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली. जवळपास शेगडी, विडी, उघडी वायर काही नको. आणि एकट्यानं हे काम करू नका.

पायरी पाचवी: बॅच

पन्नास लिटर तेलाची बॅच धरू, आम्लतेच्या मोजणीत दीड मिली लागलेली. मिथेनॉल १० ते ११ लिटर. कॉस्टिक साडेतीन अधिक दीड म्हणजे पाच ग्रॅम लिटरला, एकूण २५० ग्रॅम. कॉस्टिकची पापडी कोरडी हवी. डबा उघडा राहिला की ती हवेतलं पाणी पिते आणि वजन खोटं दाखवते.

टाकी स्टेनलेस स्टीलची, तळ निमुळता, खाली व्हॉल्व्ह, वर घट्ट झाकण आणि वाफ थंड करून परत आणणारी नळी. ॲल्युमिनियम, जस्त, पितळ कुठेही नको, कॉस्टिक ते खातं. अशी टाकी घडवायला कोल्हापूरसारखं गाव नाही. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी इथे यंत्रं घडवली, आणि शिवाजी उद्यमनगरातला फॅब्रिकेटर आजही खडूनं फरशीवर काढलेल्या आकृतीवरून टाकी करून देतो. त्याला दोनच गोष्टी ठासून सांगा: वेल्डिंगला सुईएवढंही भोक नको, आणि ढवळणीची मोटर फ्लेमप्रूफ, म्हणजे ठिणगीनं बाहेरची वाफ न पेटवणारी, हवी.

तापवायला टाकीखाली जाळ नको. टाकीभोवती दुसरं कवच करून त्यातून गरम पाणी फिरवा. घराच्या छपरावरचा सोलर बंब उन्हाळ्यात साठ अंशांचं पाणी सहज देतो, आणि आपल्याला हवं तेवढंच आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, त्यामुळे साठच्या वर जायचंच नाही.

आधी बंद कॅनमध्ये मिथेनॉलात कॉस्टिक पूर्ण विरघळवा. कॅन जाड पॉलिथिनचा हवा. तो गरम होतो, घाबरू नका, पण मध्येमध्ये सावधपणे झाकण सैल करून दाब सोडा, तोंड दुसरीकडे करून. हे मिश्रण ५५ अंशांच्या तेलात सावकाश सोडा, तासभर ढवळा, मग मोटर बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी काकवीसारखा काळपट थर दिसेल. ते ग्लिसरीन, आठ-दहा लिटर. वरचा फिकट, पातळ थर आपला. थंडीत ग्लिसरीन थिजून व्हॉल्व्ह तुंबतो, तेव्हा कवचात थोडं कोमट पाणी फिरवून मग काढा.

झालं की नाही ते तपासायची सोपी चाचणी आहे. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली नमुना घाला, हलवा, थांबा. सगळं एकजीव झालं तर तेलाचं रूपांतर पुरं झालं. तळाशी तेलाचा थेंब बसला तर ते अपुरं आहे. थोडं मिथेनॉल-कॉस्टिक घेऊन पुन्हा एक फेरी करा.

पायरी सहावी: धुवा, वाळवा

ग्लिसरीन काढल्यावरही त्यात साबण, कॉस्टिक आणि मिथेनॉल राहतं. कोमट पाण्याचा अगदी बारीक फवारा वरून सोडा. पाणी थेंबाथेंबानं खाली उतरताना घाण घेऊन जातं. पहिल्या धुण्याला ढवळू नका, नाहीतर सगळं ताकासारखं होऊन बसेल आणि दोन दिवस फुटणार नाही. तीन-चार धुण्यांत खालचं पाणी स्वच्छ यायला लागतं. बोअरचं जड पाणी वापरलंत तर साय धरते, नळाचं बरं.

मग हलकं तापवून पाणी उडवा. काचेच्या बरणीमागे पेपर धरला आणि मजकूर वाचता आला, तर इंधन कोरडं. धूसर दिसलं तर अजून पाणी आहे.

धुण्याचं पाणी गटारात सोडू नका. ते गटार ओढ्याला मिळतं आणि ओढा पंचगंगेला. नदीचे हाल आपण रोज बघतो, तिच्यात आपल्या हातानं आणखी साबण आणि मिथेनॉल घालायचं कारण नाही. मिथेनॉल आधी ऊर्ध्वपातन करून, म्हणजे झाकलेल्या भांड्यात वाफ करून ती नळीत थंड करून, परत मिळवा. त्यात पाणी राहिलं नसेल तर ते पुढच्या बॅचला चालतं, म्हणजे पैसेही वाचतात. पाण्याचा पीएच सातच्या आसपास आणा, मग ते कंपोस्टच्या ढिगावर जाऊ शकतं. मिथेनॉल काढलेलं ग्लिसरीन हात धुण्याच्या साबणाला चालतं, किंवा गोबर गॅसच्या टाकीत थोडं थोडं घाला. एकदम ओतलंत तर टाकी आंबते.

पायरी सातवी: इंजिन

सुरुवात शेतातल्या पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनानं करा. नव्या बीएस-६ गाडीत घरचं इंधन घालू नका. तिची फवारणी आणि धुराची गाळणी फार नाजूक असते.

आधी दहा टक्के बायोडिझेल, मग वीस. बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या काही तासांत फिल्टर तुंबतो. इंजिन दम टाकायला लागलं की इंधन वाईट आहे असं समजू नका, आधी फिल्टर बघा. जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्या बदला. बनवलेलं इंधन भरलेल्या बंद कॅनमध्ये, उन्हाआड ठेवा आणि तीन-चार महिन्यांत संपवा.

तळणीच्या तेलाबद्दल एक सूचना. वडेवाले बहुतेक पामतेल वापरतात. पामतेलाचं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच धूसर होऊन थिजायला लागतं. डिसेंबरातल्या पहाटे आपल्याकडे पारा त्याखाली जातो. हिवाळ्यात ते डिझेलात जास्त पातळ करूनच वापरा, किंवा उन्हाळ्यासाठी राखून ठेवा.

हिशेब असा मांडा. पाच एचपीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक-सव्वा लिटर पितं. वर्षाला शंभर तास पंप चालत असेल तर सव्वाशे लिटर. ते सगळं बायोडिझेलच धरलं तर त्यासाठी तेवढंच तेल, म्हणजे पाचशे किलो बी, आणि पंचवीस-सत्तावीस लिटर मिथेनॉल. बदल्यात साडेतीनशे किलोच्या वर पेंड. वेचणाऱ्या बायकांची मजुरी, घाण्याचं भाडं, मिथेनॉलचा दर हे तुमच्या गावचे आकडे घाला. एकट्याला हे परवडत नाही. पाच-सात शेतकऱ्यांनी एक टाकी आणि एक परवाना धरला तर गणित बरं दिसतं. विकायचा विचार असेल तर आयएस १५६०७ हे मानक, प्रयोगशाळेचा दाखला आणि शासनाची नोंदणी, सगळं लागतं. बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच मिश्रण विकणाऱ्यांमुळे या इंधनाचं नाव आधीच खराब झालं आहे.

शेवाळाचं काय?

रंकाळ्याचं पाणी हिरवं झालेलं पाहून अनेकांना वाटतं, हेच तेल. तलावातलं शेवाळ गोळा करून डिझेल होत नाही. त्यात तेल अगदी थोडं असतं. तेल साठवणाऱ्या जाती निराळ्या: क्लोरेला, सीनडेस्मस, खाऱ्या पाण्यातलं नॅनोक्लोरॉप्सिस. स्पिरुलिनाचं शेततळं करून तेलाची वाट बघणारेही मला भेटले आहेत. स्पिरुलिनात प्रथिनं साठ टक्क्यांच्या आसपास आणि तेल जेमतेम. ते खाण्यासाठी उत्तम, इंधनासाठी नाही.

एका गुंठ्याचा हिशेब करून बघा. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. वीत-दीड वीत खोलीचं तळं, त्यात पाणी फिरवणारं चाक. रोज चौरस मीटरला १५ ग्रॅम कोरडं शेवाळ धरलं, तर दिवसाला दीड किलो. त्यात पंचवीस टक्के तेल, म्हणजे सुमारे चारशे मिली. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं तर त्याच गुंठ्यात अख्ख्या हंगामात वीस किलो दाणे आणि साडेतीन किलोच्या आसपास तेल. शेवाळाचं तेल तेवढ्याच दिवसांत चाळीस किलोच्या आसपास जातं. या आकड्यावर जग भाळलं.

पण शेवाळ पाण्यात फार विरळ असतं, लिटरला अर्धा ग्रॅम. ते दीड किलो मिळवायला रोज तीन हजार लिटर पाणी गाळावं लागतं. पेशी इतक्या बारीक, की कापडातून निघून जातात. तुरटीनं बसवायचं, नाहीतर सेंट्रिफ्यूज फिरवायचं, मग वाळवायचं, मग तेल काढायचं. प्रत्येक पायरीला वीज. किलोभर शेवाळाला पावणेदोन-दोन किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, खतं लागतात, आणि परकं शेवाळ किंवा सूक्ष्म जीव शिरले की तळं दोन दिवसांत बसतं. अमेरिकन सरकारनं १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं यावर काम केलं आणि खर्च जुळेना म्हणून थांबवलं. एक्सॉनमोबिलनं २००९ मध्ये मोठा गाजावाजा करून हात घातला, तीही नंतर बाहेर पडली.

तरी मी शेवाळ सोडून द्या म्हणणार नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून आंबवणीचा शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं. शेवाळाला हेच तर लागतं. सांडपाणी स्वच्छ करणं हे पहिलं काम आणि तेल हा जोडधंदा, असं उलटं धरलं तर पुढे काही हाती लागेल, असं मला मनापासून वाटतं. पण ते काम संस्थांचं आणि कारखान्यांचं. नवख्यानं शिकण्यासाठी काचेच्या वीस लिटरच्या टाकीत क्लोरेला वाढवावं, मत्स्यालयाच्या पंपानं हवा सोडावी, रोज रंग बघावा आणि आठवड्याला गाळून वजन करावं. महिनाभरात हाती येणारी चिमूटभर हिरवी पूड पाहिली, की वरचा सगळा हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो.

करंजाचं बी हाती यायला फाल्गुन उजाडावा लागतो. तोपर्यंत चार वेगवेगळ्या कढयांचं वापरलेलं तेल आणा, प्रत्येकी पावशेर, बाटलीवर तारीख लिहा आणि चारही तेलांची आम्लता मोजा. महिन्यानं त्याच बाटल्या पुन्हा मोजा. एक बाटली मुद्दाम ओलसर, उघडी ठेवा. तिचा आकडा किती चढतो ते वहीत लिहा, आणि बी वेचायला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या.